दगडाबाईच्या गावाची वाट

झरीच्या पेठेत सांबप्पा वाण्याचं किराण्याचं दुकान होतं. सांबप्पा गेल्यावर ते त्याच्या बायकोनं, चन्नबसम्मानं, चालवलं. लेक ईश्वरअप्पा हाताशी येईपर्यंत तीच तेलाच्या डब्यामागं बसायची. कपाळाला भस्म, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, हातात मापटं. गावातल्या कोणत्या घरात गोडं तेल लागतं आणि कोणत्या घरात करडईचं, कोणाची सून माहेरी गेली म्हणून साखर कमी झाली, हे तिला बसल्या जागी कळायचं. जग तिच्याकडं चालत यायचं. ती मात्र कुठं गेली नव्हती. माहेर झरीच, सासरही झरीच, मधे फक्त एक बोळ. परभणीचा बाजार सोडला तर तिनं दुसरं गाव पाहिलेलं नव्हतं.

ईश्वरअप्पानं दुकान पूर्णपणे ताब्यात घेतलं आणि सून शांतम्मा घरात रुळली, तेव्हा चन्नबसम्मा पन्नाशीच्या आसपास होती. हात रिकामे झाले. माणसाचे हात रिकामे झाले की मन मागं मागं जायला लागतं, तसं तिचं झालं. आणि मागं गेलं की ते हटकून एकाच जागी थांबायचं: दगडाबाईपाशी.

दगडाबाई तिची लहानपणीची मैत्रीण. शेजारच्या कुणब्याची पोर. दोघी एका परसात खेळल्या, एका बारवेवर पाणी शेंदायला शिकल्या. दगडाबाईचं लग्न लवकर झालं, तेही लांब, निझामाच्या हद्दीपलीकडं, वऱ्हाडात. सासरी निघताना ती छकड्यात बसून रडत होती आणि चन्नबसम्माचा हात सोडत नव्हती. "चन्ने, तू येशील ना गं?" असं तिनं विचारलं होतं आणि चन्नबसम्मानं "येते" म्हणून सांगितलं होतं. पुढं पटकीच्या साथीत दगडाबाईचे आईबाप गेले, भाऊ निझामाबादेकडं पोटासाठी निघून गेला, आणि झरीत तिचं नाव काढणारं कोणी उरलं नाही.

एका माघात सेनगावकडचा एक सरकीवाला दुकानी टेकला. बोलता बोलता म्हणाला, की हद्दीपलीकडं खैरदरी म्हणून गाव आहे, तिथं झरीची एक म्हातारी आहे, दगडाबाई नावाची. लय खमकी. नवऱ्यामागं शेत स्वतः करते.

चन्नबसम्मा त्या दिवशी जेवली नाही. संध्याकाळी ती तानुबाईच्या वाड्याला गेली.

तानुबाई म्हणजे दोघींची लहानपणची सोबतीण आणि झरीतली एक वेगळीच वल्ली. उंच, रापलेली, आवाज असा की शेताच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाची पाखरं उडावीत. बापाला मुलगा नव्हता, म्हणून लहानपणापासून औत, मोट, गाडी सगळं तिनं केलं होतं. तिच्या घरी हरण्या आणि पाखऱ्या असे दोन पांढरे बैल होते, आणि एक दमणी होती, वर बांबूची कमान आणि कमानीवर तट्ट्या टाकलेली.

"तानू, खैरदरीला जायचंय," चन्नबसम्मा म्हणाली.

"कवा?"

एवढंच विचारलं तानुबाईनं. कशाला, का, कोणासंगं, काही नाही.

तिसरी मनकर्णा. ती दोघींच्या मधल्या घरात राहायची. नवऱ्यानं दुसरी केल्यावर ती भावाच्या आश्रयाला आली होती, आणि वीस-बावीस वर्षं त्या घरात कोणाला अडचण होणार नाही अशा बेतानं वावरत होती. तिला नुसतं विचारलं, तर तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मला कोन नेतंय कुठं? तुमी नेता का खरंच?"

ईश्वरअप्पाला हे पसंत नव्हतं. "अव्वा, तीन बायका, जंगलाची वाट. लोक काय म्हनतील?"

"लोक तेल न्यायला येतील तवा इचारून ठिव," चन्नबसम्मा म्हणाली.

शेवटी एक गडी सोबत द्यायचं ठरलं. निघायच्या पहाटे त्या गड्याला हिवतापानं असं घेरलं की तो घोंगडीतून तोंड बाहेर काढेना. ईश्वरअप्पाला वाटलं, बरं झालं, टळलं. पण तानुबाईनं पदर खोचला, जुवाला बैल जुपले आणि शिवळा घातल्या. "बसा गं," म्हणाली. दोघी बसल्या. दमणी निघाली. ईश्वरअप्पा वेशीपर्यंत मागं मागं चालत आला आणि तिथं नुसता उभा राहिला.

फाल्गुन लागला होता. शाळूची काढणी झाल्यानं रानं मोकळी होती, खळ्यांवर कणसांचे ढीग होते. चन्नबसम्मा आधी तट्ट्याआड बसली होती, पदर तोंडावर ओढून. अर्ध्या वाटेत कधीतरी ती पुढं सरकली. जिंतूर येईतोवर ती तानुबाईच्या शेजारी आली होती आणि प्रत्येक गावाचं नाव विचारत होती. तानुबाईला निम्मी नावं माहीत नव्हती. मग ती ठोकून द्यायची. मनकर्णा मागून म्हणायची, "न्हाई गं, मघाशी त्या मानसानं दुसरंच सांगितलंवतं," आणि तिघी हसायच्या.

मुक्काम जिंतुरात एका ओळखीच्या वाण्याकडं झाला. दुसऱ्या दिवशी घाट लागला. वाट खाली पूर्णेकडं उतरत होती आणि दोन्ही बाजूंना पळस फुलले होते. पान एक नाही, नुसता भगवा रंग. चन्नबसम्मानं पळसाच्या पत्रावळी आयुष्यभर विकल्या होत्या. पण फुलला पळस इतका एकत्र तिनं कधी पाहिला नव्हता. मान वर करून बघत ती म्हणाली, "ह्ये दर साली असंच ऱ्हातंय व्हय?"

"मंग? तुज्यासाठी मुद्दाम फुलवलंय का?" तानुबाई म्हणाली.

नदीला गुडघाभर पाणी होतं. उताराला बैल जरा बिचकले, पण तानुबाईनं उतरून कासरा धरला आणि पाण्यातून पुढं चालत नेली गाडी. पलीकडच्या चढाला मात्र खोळंबा झाला. कोरड्या हवेनं चाकाचं लाकूड आक्रसलं होतं. चढावर एक गचका बसला आणि उजव्या चाकाची लोखंडी धाव सटकन निसटून वाटेत आडवी पडली.

आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मनकर्णा देवाचं नाव घ्यायला लागली. तानुबाई चाकाभोवती फिरून आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तेवढ्यात वरच्या टेकाडावरून घुंगरांचा आवाज आला. लमाणांच्या दोन बाया सरपणाच्या मोळ्या घेऊन उतरत होत्या. अंगावर आरशांचे घागरे, दंडापर्यंत हस्तिदंती चुडे. त्यातल्या थोरलीनं चाक पाहिलं, धाव पाहिली, आणि आपल्या बोलीत दुसरीला काहीतरी सांगितलं. ती पळत तांड्यावर गेली आणि चार माणसं घेऊन आली. त्यांनी चाक काढलं, धाव ठोकून परत बसवली आणि चाक उचलून ओढ्यातल्या डोहात नेऊन टाकलं.

"लाकूड पानी पिऊ दे," थोरली म्हणाली. "फुगतंय. सकाळी जावा. आज आमच्याकडं ऱ्हा, याडी."

याडी म्हणजे आई. चन्नबसम्माला ते कळलं नाही, पण स्वर कळला.

तांड्यावर सांज व्हायच्या आत त्यांच्यापुढं भाकरी आली, ज्वारीची, वर लसणाचं तिखट. चन्नबसम्मानं आजवर परक्या जातीच्या हातचं खाल्लं नव्हतं. जिंतुरातसुद्धा तिनं वाण्याचंच घर धरलं होतं. मनकर्णा तिच्याकडं पाहत होती, ही आता काय करते म्हणून. चन्नबसम्मानं हातपाय धुतले, डबीतून लिंग काढलं, तळहातावर धरलं, डोळे मिटले, भस्म लावलं. मग पुढ्यात आलेल्या भाकरीचा तुकडा मोडला आणि खाल्ला. भूक लागली होती आणि वाढणारी बाई समोर बसून वारा घालत होती. पुढं झरीत कोणी हा विषय काढला की ती एवढंच सांगायची, की तिखट झणझणीत होतं, पाणी लय लागलं.

सकाळी चाक फुगून धावेत गच्च बसलं होतं. निघताना चन्नबसम्मा म्हणाली, "तानू, कासरा मला दे."

"तुला जमंल?"

"न्हाई जमलं तर तू हायेसच की."

सपाट वाटेवर तानुबाईनं कासरा तिच्या हातात दिला. आधी बैलांनी तिला जुमानलंच नाही. हरण्या बांधाकडं ओढायचा, पाखऱ्या थांबून गवत हुंगायचा. पण सेनगाव मागं पडेपर्यंत तिच्या हाताला अंदाज आला होता. किती सैल सोडायचा, कुठं आवळायचा. हे तेल मापण्यासारखंच आहे, असं तिला वाटलं. जोर लावला की सांडतं.

हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. एक खोपट, आडवा बांबू, आणि खाटेवर बसलेला मिशाळ जवान. त्यानं गाडी थांबवली आणि आत डोकावला. लाडवांचं गाठोडं, एक नवं लुगडं, घरचा तेलाचा बुधला.

"कहाँ जारे अम्मा?"

"खैरदरीला. मैत्रिनीकडं."

"साथ में मर्द कौन है?"

चन्नबसम्मा चाचरली. तानुबाई मागून ओरडली, "दोन हायेत की! जुवाला जुपलेत, दिसनात का?"

जवान क्षणभर पाहतच राहिला, मग असा हसला की त्याला खोकला लागला. त्यानं बुधल्याकडं बोट दाखवलं, काहीतरी म्हणणार होता, पण हात झटकला आणि बांबू वर उचलला. "जाव अम्मा, जाव. आते वख्त दुआ देके जाव." मनकर्णानं त्याच्या हातावर दोन लाडू ठेवले.

पलीकडं गेल्यावर चन्नबसम्मानं मागं वळून पाहिलं. तीच काळी माती, तेच बाभळीचे काटे. "ह्येच का वऱ्हाड?" तिनं विचारलं. तिला काहीतरी निराळं दिसेल असं वाटलं होतं.

खैरदरी दुपारी आली. दगडाबाईचं घर गावाच्या टोकाला होतं, मातीचं, सारवून लख्ख केलेलं. अंगणात एक ठेंगणी, जाड हाडाची म्हातारी तुरी झोडपत होती. तिनं काठी खाली ठेवली आणि कपाळावर आडवा हात धरून गाडीकडं पाहिलं.

"दगडे!" तानुबाईनं हाक मारली.

म्हातारी जवळ आली. तानुबाईच्या तोंडाकडं पाहत राहिली. एकाएकी तिनं आ वासला.

"व माय! तानी! हेच ते ढोर, मले बारवात ढकललं होतं!"

आणि दोघी गळ्यात पडल्या. हसणं, रडणं, पाठीवर थापा. दगडाबाईची बोली पार वऱ्हाडी झाली होती. मनकर्णा झरीत भावाकडं आली ती दगडाबाईच्या लग्नानंतर कितीतरी वर्षांनी, तिला ती ओळखणार कशी? पण तिनं तिलाही पोटाशी धरलं. मग ती चन्नबसम्माकडं वळली.

चन्नबसम्मा कासरा धरून तशीच उभी होती. चाळीस वर्षं ती या क्षणाची तयारी करत होती.

"आन् ह्या कोन?" दगडाबाईनं विचारलं.

"मी चन्नी. सांबप्पा वान्याची... न्हाई, तवा मी बोळातल्या रेवणप्पाची पोर हुते. तुमच्या परसात..."

दगडाबाईनं डोळे बारीक केले. खूप पाहिलं. मग मान हलवली. "बाई, खोटं कसं बोलू? तुयं तोंड मले याद नाही."

तानुबाईनं खाकरून बैल सोडायला घेतले. चन्नबसम्मा म्हणाली, "असू द्या. लय दिस झाले," आणि लाडवांचं गाठोडं उतरवायला लागली. गाठ तिला लवकर सुटेना.

त्या संध्याकाळी ती सगळ्यांत बसली, जेवली, विचारलं तेवढं बोलली. तानुबाई आणि दगडाबाईचं बारवेचं प्रकरण पुन्हा पुन्हा निघालं. ढकललं, आणि मग पाण्यात उडी मारून वेणीला धरून बाहेरही तानुबाईनंच काढलं, असं त्यातून निष्पन्न झालं. चन्नबसम्मा त्या वेळी बारवेच्या पायरीवर होती. तिनंच धावत जाऊन माणसं बोलावली होती. पण ते तिनं सांगितलं नाही. अंथरुणावर पडल्यावर मनकर्णानं नुसता तिच्या हातावर हात ठेवला.

सकाळी चन्नबसम्मा अंगणात तोंड धूत होती, तेव्हा दगडाबाई विळा घेऊन निघाली. "करडी काढाची हाय. येतं का संगं? दव हाय तंवर काटे कमी टोचते."

दोघी शेतावर गेल्या. करडई ओलसर होती. दगडाबाई कापत होती, चन्नबसम्मा पेंढ्या लावत होती. मग दगडाबाई मागं न वळताच बोलायला लागली.

"तुले वाईट वाटलं. मले समजते. पन माह्या मनात झरीचं काहीच नाही उरलं. इथं आली तवा लहान होती. सासू मारे. माहेर आठवलं का रडू ये, रडली का अजून मारे. मंग म्या ठरवलं, आठवाचंच नाही. एक एक टाकून देलं. बापाचं तोंड टाकलं, मायचं टाकलं. तानीचं तेवढं जाईना, कारन तवा जीव जाता जाता वाचला होता. बाकी सारं पुसलं. आता काढाले गेलं तरी निंगत नाही."

चन्नबसम्माचे हात थांबले. तिला एवढा वेळ स्वतःचंच दुःख दिसत होतं.

"तुजी आई," ती हळूच म्हणाली, "डाव्या गालावर तीळ हुता तिला. जात्यावर बसली की तुला मांडीवर घ्यायची, आन् तुजा हात खुट्यावर ठिवायची."

विळा थांबला.

"आन् तुज्या बापाला घोड्याचं लय याड. सोताकडं घोडं नव्हतं. जिंतूरच्या जत्रंतून लाकडाचं एक घोडं आनलंवतं तुला. त्याचा एक पाय तुज्या भावानं मोडला. तू आठ दिस बोलली न्हाईस त्याच्याशी."

दगडाबाई वळली. तिचा चेहरा असा झाला होता की चन्नबसम्माला भीती वाटली, आपण काही चुकीचं तर बोललो नाही ना. दगडाबाई बांधावर बसली, विळा मांडीवर ठेवला.

"बस," ती म्हणाली. "अजून सांग. सारं सांग."

ऊन वर आलं, करडईचे काटे कडक झाले, तरी त्या उठल्या नाहीत. चन्नबसम्मा सांगत होती. घराच्या भिंतीवर काढलेली गवर, परसातली शेवग्याची झाडं, आई कोणत्या सणाला काय करायची, बाप हाक कशी मारायचा. दगडाबाईला त्यातलं काही आठवलं असं नाही. ती नुसती घेत होती, उपाशी माणूस घेतं तसं. एकदा मधेच तिनं विचारलं, "बाप मले काय म्हने? दगडीच म्हने का?"

"न्हाई. दगडूराजा म्हनायचा."

दगडाबाईनं ते नाव दोनदा तोंडातल्या तोंडात म्हटलं.

मुक्काम ठरल्यापेक्षा लांबला. बैलांना विसावा हवा, असं तानुबाई म्हणत होती. मनकर्णानं तर त्या घरचं दळण, सारवण असं काही हाती घेतलं की दगडाबाईची सून तिला मावशी मावशी म्हणत मागं फिरू लागली. आयुष्यात पहिल्यांदाच मनकर्णा मोठ्यानं बोलत होती. निघायच्या दिवशी ती म्हणाली, "मी ऱ्हाऊ का हितंच? भावाला सांगा, बरी हाय म्हनून." दोघींनी एकमेकींकडं पाहिलं. दगडाबाई म्हणाली, "राहू द्या तिले. मले हात पाहिजेच होता." अशी मनकर्णा खैरदरीची झाली.

परतीच्या वाटेवर दमणी चन्नबसम्मानं हाकली. झरीच्या वेशीतून आत शिरतानाही कासरा तिच्याच हातात होता. पेठेतली माणसं ओट्यावर उठून उभी राहिली. ईश्वरअप्पानं दुकानातून पाहिलं, मान खाली घातली आणि बराच वेळ गूळ फोडत बसला. पण संध्याकाळी त्यानंच विचारलं, "घाट अवघड हाय का गं, अव्वा?"

त्यानंतर दर फाल्गुनात ती आणि तानुबाई खैरदरीला जायला लागल्या. पुढं गावातल्या आणखी एकदोघी सोबत यायच्या. प्रत्येकीला कोणालातरी भेटायचं असायचं त्या बाजूला. वर्षं अशी गेली. लढाई आली, रॉकेल मिळेना, कापड मिळेना, पण फाल्गुनातली फेरी चुकली नाही. तानुबाईचा एक बैल म्हातारा झाला, दुसरा घेतला.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मात्र वातावरण बिघडलं. परभणीकडून रझाकारांच्या बातम्या येत होत्या. आसपासच्या गावांतून लोक बिऱ्हाडं बांधून हद्दीपलीकडं जात होते. शांतम्माला दिवस गेले होते आणि दोन लहान लेकरं होती. ईश्वरअप्पा दुकान सोडायला तयार नव्हता, पण बायकामुलांना कुठं धाडावं हे त्याला कळेना. त्यानं आईकडं पाहिलं. चन्नबसम्मा म्हणाली, "मी नेते. वाट माज्या पायाखालची हाय."

आणि तिनं नेलं. तानुबाई सोबत होतीच. मोठी वाट सोडून त्या तांड्यातांड्यानं गेल्या. ओळखीचे लोक पाणी द्यायचे, पुढची वाट मोकळी आहे का ते सांगायचे. दगडाबाईनं दार उघडलं आणि काही विचारलं नाही. मागची खोली तिनं आधीच रिकामी करून ठेवली होती.

आषाढात शांतम्मा बाळंत झाली. मुलगी झाली. बाळंतपण मनकर्णानं आणि दगडाबाईनं काढलं. त्या पावसाळ्यात घरात इतकी माणसं होती की जेवायला पंगतीवर पंगती बसत, आणि बाहेरच्या पडवीत झरीकडची आणखी दोन बिऱ्हाडं होती. चन्नबसम्मा पहाटे उठून सगळ्यांच्या भाकरी थापायला बसायची. दगडाबाई चूल फुंकायची. तिचं "अजून सांग" अजून संपलेलं नव्हतं.

पोळा होऊन गेला होता. दोघी अंगणात पोरीला न्हाऊ घालत होत्या. दगडाबाईच्या पायांवर पोर पालथी, चन्नबसम्मा कोमट पाणी ओतत होती. रिसोडच्या बाजाराला गेलेला दगडाबाईचा लेक धावतच आत आला. "मावशे! हैदराबाद पडलं! निझाम शरन आला. बाजारात साखर वाटून राह्यले लोक!"

पडवीतली माणसं ओरडायला लागली. कोणी रडत होतं, कोणी पोरांना उचलून नाचवत होतं. तानुबाईची आरोळी शिवारापर्यंत गेली. चन्नबसम्मानं हात जोडून कपाळाला लावले. ईश्वरअप्पा बरा असेल, दुकान उघडं असेल, असं सगळं तिच्या मनात एकदम आलं. मग तिनं तांब्या उचलला आणि पोरीच्या पाठीवर पाणी घातलं.

"पूर्णा उतरली का?" तिनं विचारलं.

"अजून नाही, मावशे. दुथडी हाये. घाटातबी चिखल हाय लई."

"मंग ऱ्हाऊ दसऱ्यापतोर," चन्नबसम्मा म्हणाली.

दगडाबाईनं पोरीला उताणं केलं आणि तिच्या नाकावरून बोट फिरवलं. "राहा ना," ती म्हणाली. "कोन हाकलून राह्यलं तुले?"